गुरसरायच्या अंगणात भूर्जवृक्ष रुजेल का?

झाशी जिल्ह्यातील गुरसराय येथे ब्रिटिश काळात एका मराठी घराण्याची जहागीर होती. बुंदेलखंडातील अशा गावांत शुभ्र, कागदासारख्या सालीचा भूर्ज अंगणात लावावा, अशी हौस एखाद्यास वाटणे स्वाभाविक आहे. ती पुरी होणे मात्र कठीण आहे.

भूर्ज हिमालयातील वृक्ष असून, साधारणतः तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, जंगलाच्या वरच्या सीमेपर्यंत तो आढळतो. गंगोत्रीच्या वरचे भोजबासा हे स्थान त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याची मुळे उथळ असतात आणि त्यांना थंड, ओलसर माती लागते. शिवाय हिवाळ्यात दीर्घ विश्रांती मिळाली, तरच वसंतात त्याला नीट पालवी फुटते. झाशी परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. तापलेल्या मातीत कितीही पाणी घातले, तरी मुळांना हवा तो गारवा मिळत नाही. उलट पाणी साचून ती कुजण्याचा धोका असतो.

सालीचा पांढरेपणा बेट्युलिन या द्रव्यामुळे येतो. ही साल सहसा कुजत नाही, म्हणूनच १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेले भूर्जपत्रावरील बख्शाली हस्तलिखित आजवर टिकले. युरोपातील उद्यानांत लोकप्रिय असलेल्या हिमालयीन भूर्जाच्या प्रकाराला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर झाकमाँ यांचे नाव आहे. हिमालय पालथा घालणाऱ्या या संशोधकाचे निधन १८३२ मध्ये मुंबईत झाले.

मैदानी प्रदेशात ‘भोजपत्र’ म्हणून दाखवले जाणारे झाड पुष्कळदा कागदी सालीची कायापुटी असते. रोप घेताना एवढे पाहावे: भूर्जाची पाने रुंद, दातेरी कडांची असतात आणि हिवाळ्यात गळतात, कायापुटीची पाने अरुंद, सदाहरित व चुरगळल्यास कापरासारख्या वासाची असतात.

खरे तर पांढऱ्या खोडासाठी हिमालयाकडे पाहण्याची गरजच नाही. मध्य भारताच्या खडकाळ टेकड्यांवरील कांडोळ, ज्याला हिंदीत कुल्लू म्हणतात, उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन चांदण्यात भूर्जाइतकाच उजळ दिसतो. त्याची सालही पातळ पापुद्र्यांनी सुटते. निचऱ्याची मुरमाड जमीन आणि भरपूर ऊन त्याला मानवते. डिंकासाठी खोडावर बेसुमार घाव घातल्याने अनेक ठिकाणी त्याची संख्या घटली आहे, त्यामुळे बियांपासून लागवड करणे विशेष उपयुक्त ठरते. पावसाळ्याच्या आरंभी रोप लावावे; मात्र ओसरीपासून दूर, कारण फळांवरची कुसे त्वचेला झोंबतात.