लहान आतड्याची उशिरा घेतलेली दखल

बायर कंपनीने १८९९ साली अ‍ॅस्पिरिन बाजारात आणलं. ही गोळी जठराचं अस्तर दुखावते, हे लंडनच्या दोन डॉक्टरांनी १९३८मध्ये दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिलं. लहान आतड्यापर्यंत मात्र दुर्बीण पोहोचत नव्हती. जे दिसत नव्हतं, ते पुढची कित्येक दशकं कुणी हिशेबात धरलंच नाही.

दरम्यान इंडोमेथासिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं आली. संधिवाताचे रुग्ण ती वर्षानुवर्षं घेऊ लागले. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं. दुखणं वाढवणारं हेच द्रव्य पोटाचं अस्तरही राखतं. १९८३मध्ये ब्रिटनमध्ये ऑस्मोसिन ही सावकाश विरघळणारी इंडोमेथासिनची गोळी आतड्याला छिद्रं पडल्याच्या तक्रारींनंतर मागे घ्यावी लागली. खरं तर तेव्हाच सगळ्यांचे डोळे उघडायला हवे होते.

१९८८मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी या औषधांमुळे होणाऱ्या लहान आतड्याच्या आजाराचं नेमकं रूप मांडलं. व्रण भरताना आतड्यात पातळ, गोल पडदे तयार होतात आणि अन्नाची वाट टाचणीच्या टोकाएवढी उरते. बाहेरून आतडं निरोगी दिसतं, बेरियमच्या एक्स-रेत हे पडदे नेहमीच्या घड्यांसारखेच भासतात, शस्त्रक्रियेतही नजरेतून सुटू शकतात. पुढे १९९२मध्ये ग्लासगोच्या ७१३ शवविच्छेदनांचा अभ्यास आला : ही औषधं घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के लोकांच्या लहान आतड्यात व्रण होते, न घेणाऱ्यांत ०.६ टक्के. २००१नंतर कॅमेऱ्याची कॅप्सूल वापरात आली, तेव्हा जिवंत माणसाचं लहान आतडं आतून सहज पाहता येऊ लागलं. पण वाट अरुंद असेल तर ती कॅप्सूलच अडकून बसते.

आपल्याकडे आतडं आक्रसलेलं दिसलं की आधी क्षयाची शंका येते. ती रास्तच आहे. पण गुडघ्यांसाठी किती वर्षं गोळ्या चालू आहेत, हा प्रश्नही तेवढ्याच अगत्याने विचारला गेला पाहिजे. सोबत दिलेली ‘गॅसची गोळी’ जठर सांभाळते. जिथे आम्लाचा प्रश्नच नाही, त्या लहान आतड्याला तिचा आधार नाही. हे रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं, याचं वाईट वाटतं.

तेव्हा जेवणानंतर पोटात कळा येत असतील, पोट फुगून उलट्या होत असतील किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरत असेल, तर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा.