चिठ्ठीवरचं नाव, स्ट्रिपवरचं नाव

मेडिकलच्या काउंटरवर अँटिबायोटिक क्वचितच त्याच्या खऱ्या नावानं मागितलं जातं. ‘ती पॉवरची गोळी द्या’, ‘मागच्या वेळी दिलेली तीन दिवसांची द्या’, नाहीतर थेट ब्रँडचं नाव. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही बहुतेकदा ब्रँडच असतो. त्यामागचं औषध ओळखणं हे फार्मासिस्ट म्हणून माझं पहिलं काम. स्ट्रिप हातात घेतली की मी जेनेरिक नाव वाचते, आणि त्या नावाची शेवटची अक्षरं आधी बघते.

शेवटी ‘सिलीन’ असेल तर औषध पेनिसिलीनच्या घराण्यातलं: अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लॉक्सासिलीन. ‘फ्लॉक्सासिन’वरून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिनचा गट कळतो, ‘सायक्लीन’वरून डॉक्सिसायक्लीनचा. सेफिक्झिमच्या गटाची खूण मात्र सुरुवातीला, ‘सेफ’मध्ये असते. या खुणा मनाला येईल तशा ठेवलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना औषधांची आंतरराष्ट्रीय नावं ठरवते. त्यांची पहिली यादी 1953 साली निघाली. ब्रँड कंपनीगणिक बदलतो, हे नाव देशोदेशी ओळखलं जातं.

‘मायसिन’पाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. 1943 साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि तशा औषधांच्या नावात ‘मायसिन’ येऊ लागलं. जेंटामायसिन मायक्रोमोनोस्पोरा या वेगळ्या जिवाणूपासून आलं, म्हणून त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘वाय’च्या जागी ‘आय’ लिहितात. देवनागरीत हा फरक दिसतच नाही. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेल्या बुरशीविरोधी औषधाचं नाव हॅमायसिन; त्यातला ‘हॅ’ कंपनीच्या आद्याक्षरांचा. पण ‘मायसिन’ म्हणजे आडनावातला ‘कर’: गाव कळतं, धंदा कळत नाही. एरिथ्रोमायसिन आणि व्हँकोमायसिन जंतूंवर वेगवेगळ्या प्रकारे काम करतात, आणि ब्लिओमायसिन तर कॅन्सरवरचं औषध आहे. म्हणून ‘मायसिन’ दिसलं की मी पूर्ण नाव वाचल्याशिवाय पुढं जात नाही.

या वाचनाचा उपयोग काय, ते एका संध्याकाळी लख्ख दिसलं. दाढेला पू झालेले एक काका चिठ्ठी घेऊन आले. गोळ्या काढता काढता मी नेहमीचा प्रश्न विचारला, “काका, कुठल्या औषधाची ॲलर्जी?”

“पेनिसिलीन चालत नाही मला. इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास कोंडला होता. पण हे पेनिसिलीन नाहीये ना? डॉक्टरांना मी सांगितलं नाही, त्यांनी दुसरंच नाव लिहिलंय.”

मी स्ट्रिप त्यांच्यासमोर धरली आणि ब्रँडच्या जवळचीच ओळ बोटानं दाखवली: अमॉक्सिसिलीन अँड पोटॅशियम क्लॅव्ह्युलनेट टॅब्लेट्स आयपी. “काका, हे शेवटचं ‘सिलीन’ वाचा.” त्यांनी चष्मा वर सारून दोनदा वाचलं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काकांशी बोलून सगळं विचारून घेतलं, औषध बदललं आणि ॲझिथ्रोमायसिन सांगितलं. नवी चिठ्ठी येईपर्यंत काका बाकावर थांबले. ‘सेफ’वालं औषध मी माझ्या मनानं पुढं केलं नाही. त्याची रासायनिक ठेवण पेनिसिलीनशी मिळतीजुळती असते. अशी तीव्र ॲलर्जी झालेल्या माणसाला ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

ब्रँडमुळे आणखी एक घोटाळा होतो. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दोन वेगळी नावं असतात आणि आत औषध एकच निघतं. जेनेरिक नावं शेजारी ठेवून वाचली नाहीत, तर माणूस दुप्पट डोस घेतो. जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम 2018 मध्ये लागू झाला, तरी तोंडात ब्रँडच बसलेला असतो.

सेफिक्झिमसारखी औषधं औषध नियमांतल्या ‘शेड्यूल एच-वन’ या यादीत येतात. मार्च 2014 पासून त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपायचं. रांग वाढली की गिऱ्हाईक कुरकुरतं, पण ही नोंद मी मनापासून करते. अँटिबायोटिक वाटेल तसं खाल्लं गेलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि मग खरी गरज असलेल्या माणसाच्या हाती काही उरत नाही.

नावांचा घोटाळा टळावा म्हणून काउंटरवर मी प्रत्येकाला सांगते: ज्या औषधाचा त्रास झाला, त्याचं जेनेरिक नाव एका कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात ठेवा. डॉक्टरांकडे, दवाखान्यात, मेडिकलमध्ये, आधी तो पुढं करा. स्ट्रिपवरचं नाव वाचायला औषधशास्त्र शिकावं लागत नाही. एवढी एक ओळ वाचायची सवय घरातल्या प्रत्येकाला हवी.