गाडी का थरथरते?

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्या बनवणारे खूप, आणि जुन्या गाड्या चालत्या ठेवणारे त्याहून जास्त. टाटा ४०७ १९८६ मध्ये आली, सुमो १९९४ मध्ये. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी ती अजून रस्त्यात भेटते. आकुर्डीची ट्रॅक्सही त्याच पठडीतली. या गाड्यांची नेहमीची मांडणी एकच: पुढे इंजिन, त्यामागे क्लच आणि गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट, शेवटी डिफरन्शियल आणि मागची चाकं. अशी गाडी थरथरायला लागली की मालकाच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं ऐकलं की खर्च तर होतोच, शिवाय गाडी उभी राहते आणि भाडं बुडतं. दुर्लक्ष करावं, तर चालत्या गाडीत क्रॉस तुटून शाफ्ट खाली येऊ शकतो. म्हणून मित्रांनो, पाना हातात घेण्याआधी थोडं डोकं लावायचं. कसं, ते सांगते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला 'व्हायब्रेशन' हा एकच शब्द यायचा. मराठीत त्याला किती शब्द आहेत ते गॅरेजमध्ये कळलं. हादरा वेगळा, थरथर वेगळी आणि 'घूं' असा आवाज वेगळा. गंमत म्हणजे हे तीन शब्द तीन फ्रीक्वेन्सी आहेत!

हिशोब करून बघू. समजा गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. टायर एका फेऱ्यात २.१ मीटर जातो असं धरा, तर चाकाचे सेकंदाला ८ फेरे होतात. डिफरन्शियलचा रेशो ४.१ धरला, तर प्रोपेलर शाफ्टचे सेकंदाला साधारण ३२ फेरे. पिनियनला १० दात असतील, तर क्राउन-पिनियनचे दात सेकंदाला सव्वातीनशे वेळा भिडतात. सेकंदाला ८ म्हणजे हादरा: चाक, टायर, रिम. ३२ म्हणजे थरथर: शाफ्ट. सव्वातीनशे म्हणजे 'घूं': डिफरन्शियल. आपलं शरीर हा फरक चांगला ओळखतं, फक्त लक्ष द्यायला हवं.

आता तीन चाचण्या. तिन्ही फुकट आहेत.

१) उभ्या गाडीची चाचणी. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवा. थरथर इथेच आली तर शाफ्टचा काही संबंध नाही, कारण तो फिरतच नाही. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ती, तपासा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ८०० फेऱ्यांच्या आयडलला ते सेकंदाला सुमारे २७. पण एक सिलिंडर कमजोर असेल तर दोन फेऱ्यांत एकदा धक्का चुकतो, म्हणजे सेकंदाला ७ वेळा. अशी गाडी थरथरत नाही, डुलते. क्लच दाबल्यावर फरक पडला तर संशय क्लचवर.

२) तोच वेग, वेगळा गिअर. ६० ला चौथ्यात चालवा, मग ६० लाच पाचव्यात. इंजिनाचे फेरे बदलले, पण शाफ्टचे आणि चाकांचे तेच राहिले. थरथर त्याच वेगाला तशीच आली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. तिने इंजिनाच्या फेऱ्यांची पाठ धरली तर दोष पुढे.

३) न्यूट्रलमध्ये सोडणे. सपाट, मोकळ्या रस्त्यावरच. इंजिन मात्र बंद करायचं नाही. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप इंजिनावरच चालतो. जोर काढल्यावर थरथर पूर्ण गेली तर लोडशी संबंध आहे: फाउंडेशन, क्रॉस, पिनियन. राहिली तर शाफ्ट किंवा चाक.

शाफ्टचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. क्रॉसचा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरला की पुढची बाजू एकसारखी फिरत असूनही मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. ५ अंशांच्या कोनाला हा फरक साधारण ०.४ टक्के, १० अंशांना १.५ टक्के. कोन दुप्पट, त्रास चौपट! दुसऱ्या टोकाचा जॉइंट हा फरक उलटा करून मिटवतो. अट दोन: दोन्ही कोन सारखे हवेत, आणि एका तुकड्याच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत हवेत. पाटे बसले किंवा यू-बोल्ट सैल झाले की पहिली अट मोडते. शाफ्ट स्लाइडिंग जोडातून काढून एक खाच चुकवून बसवला की दुसरी.

आमच्या रहाटणीतल्या शेजारच्या काकांच्या जुन्या डिझेल पिकअपला नेमकं हेच झालं होतं. भोसरीहून चाकणला माल नेतात ते. ५५ च्या पुढे सीट थरथरायची. एकाने क्लच सांगितला, दुसऱ्याने गिअरबॉक्स. निगडीच्या पुढे देहूरोडकडे जुन्या हायवेला आम्ही तिन्ही चाचण्या केल्या. उभी गाडी शांत, गिअर बदलून फरक नाही, न्यूट्रलमध्ये थरथर थोडी कमी झाली पण गेली नाही. चाकं अदलाबदल केली, तरी तेच. मी विचारलं, "काका, याआधी शेवटचं काय काम केलं होतं?" ते म्हणाले, "दिवाळीआधी क्रॉस बदलला. अगं, तेव्हापासूनच की!" आमच्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं, तर योक एका रेषेत नव्हते. शाफ्ट सोडवून नीट बसवला आणि थरथर गेली. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.

यात मोबाइल वापरता येतो का? येतो. त्यातला अ‍ॅक्सिलरोमीटर फ्रीक्वेन्सी दाखवतो. पण फोन सेकंदाला १०० रीडिंग घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही. शाफ्टची दुप्पट फ्रीक्वेन्सी, म्हणजे ६५, तिथे ३५ म्हणून दिसू शकते. सिग्नल्सच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

शेवटी खबरदारी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही, भक्कम स्टँड आणि चाकांना दगड हवेच. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ मारायची. आणि गॅरेजला जाताना "गाडी थरथरते" एवढंच सांगायचं नाही. कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, जोर दिल्यावर की सोडल्यावर, आणि कोणत्या कामानंतर, हे कागदावर लिहून न्यायचं. मिस्त्रीचं निम्मं काम तो कागदच करतो.