दोनशे ग्रॅममधली 38 लाख कोटींची वस्ती

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा हा 2016 चा अंदाज. माणसाच्या स्वतःच्या पेशी भरतात 30 लाख कोटी. सेकंदाला एक या वेगाने जिवाणू मोजत बसलं, तर 12 लाख वर्षं लागतील. सगळ्यांचं मिळून वजन मात्र अवघं 200 ग्रॅम.

आता जालना जिल्ह्याचा हिशेब मांडू. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 19 लाख 59 हजार. लहान मुलांनाही मोठ्यांचंच माप लावलं आणि जिवाणूची लांबी एक मायक्रॉन धरली, तर एका माणसाच्या जिवाणूंची रांग 38 हजार किलोमीटरची होते. पृथ्वीभोवती जवळजवळ एक फेरा. अख्ख्या जिल्ह्याची रांग सुमारे 7,400 कोटी किलोमीटर! सूर्यापासून नेपच्यून आहे 450 कोटी किलोमीटरवर. या रांगेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला प्रकाशालाही जवळपास तीन दिवस लागतील. आणि एवढं सगळं मंठ्यापासून भोकरदनपर्यंतच्या पोटांत मावलेलं आहे.

जालन्याच्या मोतीबागेत रोज फेऱ्या मारणाऱ्यांचा या रांगेशी थेट संबंध आहे. सत्तर किलोंचा माणूस किलोमीटरभर चालला की साधारण 50 कॅलरी खर्च होतात. किलोभर चरबीत असतात सुमारे 7,700. म्हणजे जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला पायी जाऊन परत आलं, तरी किलोचा हिशेब पुरा होत नाही. दुसरीकडे ज्वारीच्या भाकरीतला, डाळी-भाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून निघालेली आम्लं शरीर शोषून घेतं. रोजच्या ऊर्जेचा दहावा भागसुद्धा या वाटेने येऊ शकतो. दोन हजार कॅलरींतल्या दोनशे. सकाळच्या चार किलोमीटरांइतक्या. पण म्हणून कुणी भाकरी सोडू नये. हीच आम्लं आतड्याचं अस्तर पोसतात आणि पोट भरल्याचा निरोपही पोचवतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष भरपूर असतात. पाश्चात्त्यांवर बेतलेले व्यायामाचे ठोकताळे इथे जसेच्या तसे लावू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

कारण व्यायाम एकच असला तरी फळ वेगवेगळं मिळतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या स्थूल पुरुषांना हाँगकाँगच्या संशोधकांनी 12 आठवडे व्यायाम करायला लावला. 2020 मध्ये निष्कर्ष छापून आले. वजन थोडं उतरलं, पण साखरेवरचा ताबा काहींचाच सुधारला. मग दोन्ही प्रकारच्या पुरुषांचे जिवाणू लठ्ठ उंदरांत सोडले. ज्यांना लाभ झाला होता त्यांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची साखर सुधारली, बाकीच्यांची नाही.

‘एवढं चालते तरी काटा हलत नाही’ म्हणणाऱ्या बाईला घरचेच आळशी ठरवतात, तेव्हा वाईट वाटतं. मुळात चालण्याची इच्छाही तिच्या एकटीच्या हातात नसेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 2022 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू मारल्यावर त्यांचं धावणं जवळपास निम्म्यावर आलं. काही जिवाणू बनवतात ते रेणू आतड्याच्या मज्जातंतूंना चेतवतात, आणि त्यामुळे धावताना मेंदूत आनंद देणारं डोपामिन वाढतं.