नाकापेक्षा मोती जड

वासुदेव गायतोंड्यांचं १९७०चं चित्र लिलावात ६७ कोटींना गेलं. त्या बातमीची शाई वाळायच्या आत आमच्या भोपाळमधल्या कोलार रोडवरच्या घरी एका चित्रप्रदर्शनाचं पत्रक आलं. चित्रकार म्हणे ‘अवकाशाची चौकशी करतो, अपूर्णतेशी संवाद साधतो आणि पायाखालच्या भूमीला प्रश्न विचारतो’. सोबत एका केशरी चौकोनाचा फोटो. शेजारच्या काकूंनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, ‘पडद्याचं कापड का हो?’

अशा जड शब्दांचा हा रोग जगभरचा आहे. अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी १९९९पासूनची हजारो कलानिवेदनं संगणकात घालून चाळली आणि २०१२मध्ये या बोलीचं बारसंच करून टाकलं: ‘इंटरनॅशनल आर्ट इंग्लिश’. साध्या विशेषणाला शेपूट लावून जड नाम करायचं, ही तिची खोड. आपल्याकडे ‘दृश्य’ची ‘दृश्यात्मकता’ होते, तसं. फ्रेंच विचारवंतांच्या इंग्रजी भाषांतरांतून ही बोली आली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मराठी पत्रकात उतरेपर्यंत तो भाषांतराचंही भाषांतर झालेला माल!

आमच्या भोपाळात याचा उतारा केव्हाच सापडला होता. भारत भवन या कलाकेंद्राचं बांधकाम चालू असताना झाबुआकडच्या पिटोल गावची भूरीबाई तिथे सहा रुपये रोजाने राबत होती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिला कागद आणि रंग दिले आणि घरी भिंतीवर काढतेस तसं काढ म्हणून सांगितलं. स्वामीनाथन स्वतः कसलेले लेखक, पण त्यांनी कागद आधी पुढे केला, शब्द नंतर. भूरीबाईच्या चित्रांत झाडं, जनावरं आली, पुढे बस आणि विमानही आलं. २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. तिच्या विमानाला ‘गतिमानतेचा विमर्श’ म्हणायची गरज कुणाला पडली नाही.

आणि गायतोंडे? मुलखाचे अबोल. कित्येक चित्रांना त्यांनी नावसुद्धा दिलं नाही. ६७ कोटींचं ते चित्रही बिननावाचंच.

म्हणून माझी एक साधी कसोटी आहे. चित्र झाकून नुसतं पत्रक वाचायचं. ते दुसऱ्या कशालाही चपखल बसलं, तर त्या चित्राबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नाही. आमच्याकडे आलेलं पत्रक मी तसं वाचून पाहिलं. अवकाशाची चौकशी, अपूर्णतेशी संवाद, पायाखालच्या भूमीला प्रश्न... रुंदीकरणासाठी खोदून ठेवला होता त्या दिवसांतल्या कोलार रोडचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.