फादर मासा यांचे अंगण

दिनांक २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभूच्या घरी गेले, तेव्हा जगभरच्या देवळांतून घंटा वाजल्या. त्या शोकात दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना देशाचा एक फुटबॉल क्लबही सामील होता, आणि तोही केवळ रीत म्हणून नव्हे. निवर्तलेले पोपमहोदय त्या क्लबाचे रीतसर सभासद होते. त्यांचा सभासद क्रमांक ८८२३५ असा होता. मृत्युसमयी त्यांचे वय ८८ वर्षांचे होते आणि ब्युनोस आयरिस शहरातील घड्याळांत त्या वेळी पहाटेचे २ वाजून ३५ मिनिटे झाली होती. असल्या आकड्यांच्या योगायोगावर आम्ही श्रद्धा उभारीत नाही, वाचकांनीही उभारू नये. परंतु त्या शहरातील साध्यासुध्या लोकांनी हा मेळ तत्काळ हेरला, यावरून त्या क्लबाचे व या सभासदाचे नाते किती घरगुती होते हे ध्यानी येते.

या क्लबाचे नाव सान लोरेन्झो. पोपमहोदयांना उतारवयातही या क्लबाच्या एका विशिष्ट वर्षाच्या संघातील खेळाडूंची नावे ओळीने तोंडपाठ होती. ते वर्ष १९४६. त्या वर्षीच्या मोसमाची हकिकत आज आम्ही आमच्या वाचकांस सांगणार आहोत. धर्मग्रामाच्या साप्ताहिकात फुटबॉलची हकिकत कशासाठी, असे कोणी विचारील. त्यांनी थोडा धीर धरावा, कारण ही हकिकत क्रीडांगणावर सुरू होत नाही. ती एका धर्मगुरूच्या अंगणात सुरू होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्युनोस आयरिस हे बोटींनी येऊन पडलेल्या माणसांचे शहर होते. इटालियन, स्पॅनिश, नाना देशींची गरीब कुटुंबे तेथील मोहल्ल्यांत दाटीवाटीने राहत. अल्माग्रो नावाच्या मोहल्ल्यातील काही मुले भर रस्त्यात चेंडू खेळत असत. रस्त्यावरून ट्रामगाड्या धावत. एके दिवशी खेळता खेळता एका मुलावर ट्रामचे संकट ओढवले. लोरेन्झो मासा नावाच्या तरुण सालेशियन धर्मगुरूंनी हे पाहिले. संत डॉन बॉस्को यांच्या संघातले ते. मुलांवर ओरडून त्यांना रस्त्यावरून हुसकण्याचा सोपा उपाय त्यांना पटला नाही. त्यांनी मुलांच्या पुढाऱ्यांस बोलावून सांगितले, "आमचे अंगण मोकळे आहे, तेथे येऊन खेळा. मात्र रविवारी मिस्सेला आले पाहिजे." मुलांनी अट मान्य केली.

१ एप्रिल १९०८ रोजी या मुलांचा क्लब रीतसर स्थापन झाला. फेदेरिको मोन्ती व आन्तोनिओ स्कारामुस्सो हे त्या मुलांतले म्होरके. क्लबास फादर मासा यांचेच नाव द्यावे असा मुलांचा आग्रह होता. फादर मासा यांनी तो साफ नाकारला. शेवटी तडजोड अशी निघाली की नाव लोरेन्झोच ठेवावे, पण ते रोमचे हुतात्मे दीकन संत लॉरेन्स यांचे समजावे. शिवाय १८१३ साली आर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धात सान लोरेन्झो येथे झालेल्या लढाईचीही त्यात आठवण राहावी. फादरांना मान्य झाले, आणि मुलांनाही हवे ते मिळाले! पुढे प्रतिपक्षाच्या लोकांनी या क्लबाच्या मंडळींस 'कावळे' असे टोपणनाव ठेवले. ते फादरांच्या काळ्या झग्यावरून पडले. क्लबाने ते नाव न रागावता स्वीकारले आणि आज शंभरावर वर्षे ते अभिमानाने मिरविले जात आहे.

आमच्याकडील वाचकांस यात फारसे नवल वाटू नये. गोव्यात फुटबॉलचा पाय लागला तोही एका धर्मगुरूच्या हातून, १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्यामुळे, असे सांगितले जाते. तरीही देवळाचे अंगण मुलांस द्यावे की नाही, हा वाद आमच्या गावात अजून मिटलेला नाही. गतवर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर आम्ही मुलांस चेंडू दिला, आणि तिसऱ्याच रविवारी वस्तुभांडाराच्या खिडकीची काच फुटली. धर्मग्राम समितीतील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "फादर, चेंडूच्या लालचीने मिस्सेला आलेला पोर देवळात टिकतो काय?" त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. या लेखाचे मूळ, खरे पाहता, त्या प्रश्नात आहे.

आता १९४६ सालाकडे वळू. अंगणातील त्या क्लबाचे तोवर मोठे संस्थान झाले होते. बोएदो भागात आव्हेनिदा ला प्लाता या हमरस्त्यावर १९१६ पासून त्याचे स्वतःचे क्रीडांगण होते. लाकडी पायऱ्यांचे ते अवाढव्य प्रेक्षागृह 'गासोमेत्रो' म्हणून ओळखले जाई, आणि त्यात सुमारे ७५,००० माणसे मावत. देशाच्या पहिल्या वर्गाच्या साखळी स्पर्धेत १६ संघ होते. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा झुंजायचे, एकदा आपल्या अंगणी व एकदा त्याच्या. म्हणजे एकेकास ३० सामने. विजयास दोन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. एका दिवसाच्या पराक्रमाने येथे काही साधत नाही. शेतकऱ्याने पेरणीपासून मळणीपर्यंत रोज शिवारात जावे, तसे येथे आठवड्यामागून आठवडे राबावे लागते.

त्यापूर्वीची पाच वर्षे, म्हणजे १९४१ ते १९४५, विजेतेपद रिव्हर प्लेट व बोका ज्युनिअर्स या दोनच बलाढ्य क्लबांत फिरत होते. रिव्हर प्लेटच्या आघाडीच्या फळीस तर लोक 'यंत्र' म्हणत, इतका तिचा खेळ अचूक. हे यंत्र अडविणार कोण? सान लोरेन्झोने ते काम तिघांच्या हाती दिले: आर्मान्दो फार्रो, रेने पोन्तोनी व रिनाल्दो मार्तिनो. यांस 'सोनेरी त्रिकूट' असे नाव पडले. त्यांच्या मागे मध्यभागी आंखेल सुबिएता हा बास्क खेळाडू उभा असे. स्पेनमधील यादवीच्या काळात बास्क प्रांताचा एक संघ परदेशी सामने खेळत हिंडला, त्यात तो अगदी तरुण वयात बाहेर पडला होता. त्याला मायदेशी परतता आले नाही, आणि आर्जेंटिनाने त्याला आसरा दिला. परागंदा झालेल्या माणसास गाव आपले म्हणते, ही गोष्ट आम्हांस गोलांच्या संख्येहून मोठी वाटते. पण संख्याही सांगितली पाहिजे. त्या मोसमात सान लोरेन्झोने ३० सामन्यांत ९० गोल केले, म्हणजे सामन्यामागे तीन.

त्या लाकडी पायऱ्यांवर एक नऊ वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांसह बसत असे. वडील मारिओ बर्गोलिओ हे इटलीहून आलेले हिशेबनीस. ते स्वतः सान लोरेन्झोच्या बास्केटबॉल संघात खेळलेले. फ्लोरेस मोहल्ल्यातून हे कुटुंब सामन्यास निघे, आई कधी कधी बरोबर असे. वाटेत एका पिझ्झाच्या दुकानात वडील रिकामी भांडी ठेवून जात, आणि परत येताना ती भरून घेत. मग घरी जेवण होई. मुलाचे नाव होर्हे. त्याला स्वतःला खेळ काही साधत नसे. पुढे त्याने स्वतःविषयी मोकळेपणाने सांगितले आहे की आपले पाय ताठर होते, म्हणून सवंगडी आपल्याला गोलरक्षक करून उभे करीत. चेंडूही चिंध्यांचा असे.

हाच मुलगा पुढे पोप फ्रान्सिस झाला. परंतु वाचकांनी घाई करू नये. होर्हे बर्गोलिओ हा फादर मासा यांच्या अटीमुळे देवळात आलेला मुलगा नव्हे. त्याला श्रद्धा आजीने व आईबापांनी दिली. म्हणून आमच्या त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नास आम्हांला हे उदाहरण पुढे करता येत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

रविवार, २० ऑक्टोबर १९४६. गासोमेत्रोवर रेसिंग संघाशी सामना. पोन्तोनी गोलाकडे पाठ करून उभा असता चेंडू त्याच्याकडे हवेतून आला. त्याने तो छातीवर झेलला, भुईला टेकू न देता पायाने उचलला, बचाव करणाऱ्यांना चकविले, वळला आणि जाळ्यात धाडला. हे सारे एवढ्या वेळात झाले की 'जय येशू' म्हणून होण्यापूर्वीच लोक उभे राहून ओरडू लागले होते. तो सामना सान लोरेन्झोने ५-० असा जिंकला. साठ-सत्तर वर्षांनी, जगाचा कारभार खांद्यावर असतानाही, पोपमहोदय या गोलाचे वर्णन हातवारे करून सांगत.

विजेतेपदाचा निकाल लागला तो ८ डिसेंबरला. त्या वर्षी हा दिवस रविवारी आला होता आणि, आमच्या वाचकांस सांगणे नकोच, तो अमलोद्भव मातेच्या सणाचा दिवस. काबायितो भागात फेरो कार्रील ओएस्ते या संघाच्या मैदानावर सान लोरेन्झोने ३-१ असा विजय मिळविला. अखेरीस त्यांचे ४६ गुण झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या बोका ज्युनिअर्सहून चार अधिक. होर्हे नऊ दिवसांनी दहा वर्षांचा होणार होता. गुलाल उधळावा तसा आनंद त्या दिवशी बोएदोच्या गल्ल्यांत झाला असणार. पण ज्या फेरोच्या अंगणी हा विजय झाला, तो संघ त्याच मोसमात तळाशी जाऊन दुसऱ्या वर्गात उतरला. तेथेही बाप होते आणि त्यांच्या हाताला धरून आलेली पोरे होती.

मोसम संपताच संघ बोटीने युरोपात गेला. महायुद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झाले होते. बार्सेलोना येथे स्पेनच्या निवडक संघास त्यांनी ७-५ असे, तर लिस्बन येथे पोर्तुगालच्या संघास १०-४ असे हरविले.

यानंतरची हकिकत इतकी उजळ नाही. १९४८ साली पोन्तोनीच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली आणि तो पूर्वीचा पोन्तोनी पुन्हा दिसला नाही. मार्तिनो इटलीस गेला. फादर मासा १९४९ च्या ऑक्टोबर महिन्यात निवर्तले. आपल्या अंगणातील पोरांच्या क्लबाचे ते सोनेरी वर्ष पाहूनच त्यांनी डोळे मिटले. आणि मग ते क्रीडांगणच गेले. देशात लष्करी राजवट असताना क्लबावर दडपण आले; डोक्यावर कर्जही होते. २ डिसेंबर १९७९ रोजी बोकाशी ०-० असा अखेरचा सामना झाला. पुढे ती जागा विकली गेली आणि १९८५ साली तेथे एका परदेशी कंपनीचे भले मोठे दुकान उघडले. जेथे पोन्तोनीने चेंडू छातीवर झेलला, तेथे लोक साबण व तेल घेऊ लागले. क्लब १९८१ साली दुसऱ्या वर्गात घसरला, दुसऱ्याच वर्षी वर आला. पण चौदा वर्षे त्याला स्वतःचे घर नव्हते. १९९३ साली दूरच्या बाजूस नवे क्रीडांगण झाले. लोक मात्र जुन्या जागेसाठी झगडत राहिले. २०१२ साली शहराच्या विधिमंडळाने ती जागा क्लबास परत मिळावी असा कायदा केला, आणि लोकांनी वर्गणी घालून पैसे उभे केले.

या काळात होर्हे बर्गोलिओ येशूसंघीय धर्मगुरू, मग आर्चबिशप व कार्डिनल झाले. जुलै १९९० मध्ये त्यांनी कार्मेल मातेस वचन दिले की आपण यापुढे दूरचित्रवाणी पाहणार नाही, आणि ते अखेरपर्यंत पाळले. म्हणजे एवढा प्रेमी माणूस, पण आपल्या संघाचा सामना पडद्यावरही पाहत नसे! रोममध्ये एक स्विस रक्षक दर आठवड्यास सामन्यांचे निकाल लिहून त्यांच्या मेजावर ठेवीत असे. घरी क्रिकेटचा सामना लागला की जपमाळेची वेळ पुढे ढकलणाऱ्यांनी हे वाचावे, एवढेच आम्ही म्हणतो. आमच्या बंगल्यातही असे घडले आहे.

मार्च २०१३ मध्ये ते पोप झाले. सान लोरेन्झो त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या वर्गात पडता पडता वाचला होता. त्या २०१३ सालच्या उत्तरार्धातील स्पर्धेत १९ सामने होते. अखेरचा सामना १५ डिसेंबरला वेलेस संघाशी. गोल कोणाचाच झाला नव्हता, आणि शेवटच्या क्षणी वेलेसचा खेळाडू अगदी जवळून चेंडू मारता झाला. गोलरक्षक सेबास्तियान तोरिको याने झेप घेऊन तो अडविला. सामना ०-० असा सुटला व सान लोरेन्झो ३३ गुणांनिशी विजेता ठरला. तीनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, क्लबाची मंडळी तो करंडक घेऊन व्हॅटिकनच्या चौकात पोपमहोदयांपुढे उभी राहिली. आदल्या दिवशी त्यांना सत्त्याहत्तर वर्षे पुरी झाली होती. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये क्लबाने साऱ्या दक्षिण अमेरिका खंडाचा लिबेर्तादोरेस करंडक पहिल्यांदाच जिंकला, आणि तोही रोमला नेऊन दाखविला.

आव्हेनिदा ला प्लाता येथील ती जुनी जागा २०१९ साली पुन्हा क्लबाच्या मालकीची झाली. तेथे उभ्या राहावयाच्या क्रीडांगणास पोप फ्रान्सिस यांचे नाव देण्याचा संकल्प क्लबाने सोडला आहे. ही कल्पना पोपमहोदयांच्या हयातीतच त्यांच्या कानी गेली होती. आपल्याला तिचा काही उत्साह वाटत नाही, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. १९०८ साली फादर मासाही मुलांस नको म्हणाले होते, आणि मुलांनी त्यांचे कितपत ऐकले ते वर आलेच आहे.