कुंपणाबाहेरचा गंध

सिल्वासाहून एका वाचकांनी विचारले आहे की, बंगल्याभोवती पाच फुटी भिंत असताना, खाण्यापिण्याची कसलीही वाण नसताना आणि घरातल्या सर्वांचा जीव जडलेला असताना, आपला बीगल कुत्रा फाटकाखालची माती उकरून वारंवार पसार होतो, त्याला काय करावे? प्रश्न घरगुती आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेले घ्राणेंद्रियाचे प्रकरण ध्यानात घेतल्यावाचून केलेला बंदोबस्त सहसा निष्फळ ठरतो.

लातूर-नांदेडकडचा कारवानी कुत्रा नजरेने शिकार करणारा. सावज दृष्टीआड झाले की त्याचा आवेश बहुधा ओसरतो, म्हणून आरपार न दिसणारी उंच भिंत त्याच्या बाबतीत पुष्कळ काम करते. बीगल मात्र न दिसणाऱ्या सशाच्या मागावर, नाक जमिनीला लावून दीर्घकाळ चालत राहावा, याच हेतूने इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या निवडून निपजवलेला प्राणी आहे. भिंत त्याचे शरीर अडवते, गंध अडवत नाही. सिल्वासाहून गुजरातेत शिरणाऱ्या गाड्यांची नाक्यावर झडती होईल, पण दमणगंगेवरून येणारा वारा परवान्यावाचून कोणतीही हद्द ओलांडतो. आणि सायंकाळी जमिनीलगतची दमट हवा निवून स्थिर झाली की मुंगूस, मांजर, पलीकडच्या वाडीतली कोंबडी या सर्वांची वार्ता त्या फाटकाच्या फटीतून आत येऊन पोहोचते.

ती वार्ता टिपणारे यंत्रही विलक्षण आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील ब्रेंट क्रेव्हन व गॅरी सेटल्स यांच्या संशोधनानुसार, हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा ओढतो. तिचा अंदाजे आठवा हिस्सा नाकाच्या मागील भागातील गंधग्राही पोकळीत जातो, आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे फेकला जात असल्यामुळे समोरचा गंध विस्कटत नाही.

या विषयात मला सर्वाधिक आदर वाटतो तो जॉर्ज जॉन रोमानीझ यांच्याविषयी. डार्विनचे हे तरुण स्नेही १८९४ साली अवघ्या ४६व्या वर्षी निवर्तले, आणि १८८२ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या बुद्धीच्या ऐकीव कथा गोळा करणारा भाबडा लेखक, एवढीच त्यांची ओळख पुढे उरली. हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे. १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी बारा माणसांची एक रांग केली. पुढे स्वतः रोमानीझ, मागे इतर, आणि प्रत्येकाने पुढच्याच्या पावलावर नेमके पाऊल ठेवायचे. दोनशे यार्डांवर रोमानीझ पाच जणांसह उजवीकडे वळले, उरलेले सहा डावीकडे गेले, आणि दोन्ही तुकड्या लपून बसल्या. मग त्यांची सेटर कुत्री त्या मागावर सोडण्यात आली. अकरा माणसांच्या पावलांखाली दडपलेला धन्याचा गंध धरून ती वेगाने आली, वळणापाशी क्षणभर पुढे गेली, लगेच परतली आणि निःशंकपणे उजवीकडे वळली. दुसऱ्या वेळी त्यांनी बुटांच्या तळव्यांना जाड तपकिरी कागद चिकटवला, तेव्हा तिला माग लागेना. पण एका टाचेखाली कागद झिजून जिथे किंचित चामडे उघडे पडले होते, तिथून मात्र तिने माग धरला. ज्या इंद्रियाला एवढीशी फट पुरते, त्याला केवळ दरडावून थोपवता येईल, ही कल्पनाच सोडून दिली पाहिजे.

म्हणूनच ‘अदृश्य कुंपण’ या नावाने विकल्या जाणाऱ्या विजेचा झटका देणाऱ्या गळ्यातल्या पट्ट्यांविषयी मी सावध करू इच्छितो. मागावर लागलेला कुत्रा आवेशात झटका सोसून हद्द ओलांडतो, आणि आवेश ओसरल्यावर त्याच झटक्याच्या भीतीने परत फिरत नाही. वेल्समध्ये २०१० पासून या पट्ट्यांवर बंदी आहे, ती मला सर्वथैव योग्य वाटते.

तेव्हा प्रथम फाटकाखाली काँक्रीटचा उंबरठा घालावा. भिंतीऐवजी तारेचे कुंपण असेल तिथे तळाशी जाळी जोडून ती फूटभर आतल्या बाजूस वळवून पुरावी. पावसाळ्यापूर्वी पाणी वाहून जाण्याच्या मोऱ्यांना गज बसवावेत. निर्बीजीकरणाने मादीच्या शोधातील भटकंती कमी होते, सशाचा मोह मात्र जात नाही. गळ्यात दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला आणि रेबीजची लस हवीच.

खरा उपाय मात्र नाकाला काम देण्याचा. दिवसाचे काही अन्न गवतात विखरून किंवा जुन्या कापडाच्या घड्यांत लपवून शोधायला लावावे. लांब दोरीवर फिरायला नेताना वाट त्याला ठरवू द्यावी, घाई करू नये. शार्लोट ड्युरांटन व अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली दाखवले की, दोन आठवडे हुंगून शोधण्याचा सराव केलेले कुत्रे, नुसते धन्याच्या पायाशी चालायला शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा, अनिश्चित प्रसंगाला अधिक आशेने सामोरे जातात. हुंगणे ही त्याची खोड नसून त्याच्या स्वभावाचा हक्क आहे. तो आवारातच मान्य झाला, तर माती उकरण्याचे कारण बरेचसे उरणार नाही, आणि जे उरेल त्यासाठी उंबरठा आहेच.